मृगातला पावटा

“पानं आधी पालथी टाक. पाठी बघू दे मला,” हसनमियाँ म्हणाले. “मागच्या खेपेला ह्या मयेकराने मला उगाच बदनाम केलं.”

“बदनाम कसलं? तू चोरच आहेस,” भाऊजी म्हणाले. “कुठल्या लग्नपत्रिकेच्या पाठीवर मी काय काढलंय ते तुला तोंडपाठ होतं.”

“मग? अल्लाने डोळे दिले ते मिटून बसायला? कदमांच्या धाकटीचं लग्न म्हणजे वानर. खोतांच्या नातवाची मुंज म्हणजे शेणखत. आता दिसतंच समोर, तर मी काय करू?”

पुण्याहून आलेले नगरकर मोकळेपणाने हसले. अक्काने पदराने हात पुसले आणि ती चटईवर टेकली. भाऊजींनी कमरेची चंची सोडली. त्यांच्या वडिलांची ती पान-सुपारीची चंची. तिच्यातून साठ पानांचा गठ्ठा काढून त्यांनी तो मधोमध ठेवला.

“बघ. आता सगळ्या पाठी सारख्या,” ते म्हणाले. “सदानंदाने तपकिरी कागद लावलाय. खळ करून, एकेक पान दाबून.”

“सदानंदा, तू माझं पोट मारलंस रे,” हसनमियाँ मला म्हणाले.

मी हसलो असेन. अशा वेळी मी हसतो आणि खाली बघतो. एकोणीसशे अठ्ठ्याऐंशीचा फेब्रुवारी, रविवार, सकाळचे दहा-साडेदहा. त्या ओसरीवर आम्ही पाच जण होतो, आणि पत्ते न खेळणारा मी एकटाच होतो. माझ्या मांडीवर नियमांचा कागद होता.

भाऊजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, यशवंत मयेकर. दापोलीजवळच्या सरकारी रोपवाटिकेत बत्तीस वर्षं नोकरी करून दोन वर्षांपूर्वी निवृत्त झालेले. हसनमियाँ पारकर त्यांचे दगडी गडग्यापलीकडचे शेजारी. जन्मभर बोटीवर भंडारी होते, म्हणजे खलाशांचा स्वयंपाक करायचे. मी तालुक्याच्या वाचनालयात ग्रंथपाल. लग्न झालेलं नव्हतं, पुढेही झालं नाही. दर रविवारी सकाळच्या एसटीने अक्काकडे जायचं आणि संध्याकाळी परतायचं, एवढाच माझा प्रपंच.

खेळाचं नाव ‘परस’. भाऊजींनी तो निवृत्तीनंतरच्या पहिल्या पावसाळ्यात केला. घरात साठलेल्या पत्रिका सारख्या मापाने कापल्या आणि त्यांच्या कोऱ्या बाजूवर रंगीत पेन्सिलीने काकडी, दोडका, पडवळ, मुळा, पावटा, पाणी, शेणखत, कुंपण असं सगळं काढलं. प्रत्येकाने आपल्यापुढे चार वाफे धरायचे. मधे नक्षत्राचं एक पान उघडं. ज्या नक्षत्रात जे पेरतात तेच पेरायचं. वर पाणी पडलं, खत पडलं की भाजी तयार. पण तेवढ्यात शेजारी तुमच्या वाफ्यात गोगलगाय सोडू शकतो, मावा सोडू शकतो, वानर सोडू शकतो. ज्याची परडी आधी भरेल तो जिंकला. चंचीत मावणारा खेळ. लग्नघरात, दवाखान्याच्या बाकावर, एसटीत मागच्या सीटवर, कुठेही मांडता यायचा. मुंबईची मंडळी मे महिन्यात आली की पोरंटोरं, सुना, म्हातारे सगळे त्यात रमायचे, आणि एकमेकांच्या वाफ्यात वानर सोडताना जो काही कालवा व्हायचा तो रस्त्यापर्यंत ऐकू यायचा.

नियम मात्र भाऊजींच्या डोक्यात होते. थोडेफार एका वहीत होते, तेही खताच्या हिशेबांच्या आणि कलमांच्या नोंदींच्या अधेमधे. ती वही त्यांनी मला दिली होती. “तू वाचणारा माणूस. नीट मांडून दे,” म्हणाले होते. मी दोन महिने खपून एकवीस नियम लिहिले. आयुष्यात मी स्वतः म्हणून काही लिहिलं असेल तर तेवढंच. त्याची एक प्रत मी भीतभीत पुण्याच्या नगरकरांना पाठवली. ते मुलांचे खेळ छापायचे. कार्ड आलं की खेळ बघायला येतो. तो हा रविवार.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या वर्षी भाऊजींना स्वतःचीच धास्ती वाटायला लागली होती. एकदा पंप चालू ठेवून ते जेवायला बसले आणि सुपारीच्या आळ्यांतलं पाणी रस्त्यावर आलं. एकदा बाजारात गेले आणि काय आणायचं ते न आठवल्यामुळे रिकामी पिशवी घेऊन परत आले. एवढंच. असं माझं तर रोज होतं. पण भाऊजींच्या वडिलांनी शेवटची चार वर्षं स्वतःच्या मुलांना ओळखलं नव्हतं, आणि त्यांचं सगळं भाऊजींनीच केलं होतं. रिकामी पिशवी आणली त्या दिवसापासून ते स्वतःवर पाळत ठेवून होते.

मला त्यांनी एकदा सांगितलंही होतं. मी एसटीची वाट बघत उभा होतो, ते सोडायला आले होते.

“रोज दुपारी आडवा झालो की मनातल्या मनात ‘परस’ची पानं मोजतो,” ते म्हणाले. “एकेक पान, त्याचं नक्षत्र, त्याचा नियम. साठच्या साठ आली की म्हणतो, यशवंता, आजचा दिवस अजून तुझा आहे.”

“आणि एखादं राहिलं तर?”

“अजून राहिलेलं नाही,” ते म्हणाले.

त्या रविवारी सकाळी मी पोचल्या पोचल्या अक्काने मला मागच्या दारी बोलावलं. ती नारळ खवत होती.

“सदू, तू त्यांच्या शेजारी बस हं. परक्या माणसासमोर काही चुकलंमाकलं तर सांभाळून घे. रात्रभर कूस बदलत होते.”

“चुकणार नाही. खेळ त्यांचाच आहे.”

“म्हणून तर म्हणते,” अक्का म्हणाली. “दुसऱ्याचा असता तर काही वाटलं नसतं.”

खेळ सुरू झाला. भाऊजी नगरकरांना शिकवत शिकवत खेळत होते, आणि त्यांचा हात इतका सुरेख चालला होता की मी कागद बघायचंही सोडून दिलं. हसनमियाँनी पहिल्याच फेरीत नगरकरांच्या पडवळावर वानर सोडलं.

“पाहुण्याच्या वाफ्यात वानर?” अक्का म्हणाली.

“वैनी, वानराला काय कळतं पाहुणा कोण ते?”

“माझ्याकडे कुंपण आहे,” नगरकर म्हणाले. “चालेल ना?”

“कुंपणाने कधी वानर अडलाय का साहेब? तो वरून येतो,” हसनमियाँ म्हणाले. “पण मयेकर म्हणतो अडतो.”

“खेळात तरी अडू दे रे त्याला,” भाऊजी म्हणाले. “खऱ्यात बत्तीस वर्षं नाही अडवता आला.”

नगरकरांनी माझ्याकडचा कागद मागून घेतला. दोन-तीन नियमांवरून बोट फिरवलं. मग चष्मा वर करून विचारलं, “हे लिहिलंय कोणी?”

“आमच्या सदानंदाने,” भाऊजी म्हणाले. त्यांच्या आवाजात माझ्याबद्दलचा अभिमान होता, हे मला आजही ऐकू येतं.

“पंचवीस वर्षं ह्या धंद्यात आहे,” नगरकर म्हणाले. “खेळ करणारे पुष्कळ भेटतात. नियम लिहिता येणारा भेटत नाही. नववा नियम बघा, दोन ओळीत सगळी पेरणी बसवलीय. कुठे फट म्हणून नाही.”

सगळे माझ्याकडे बघत होते. माझे कान तापले. माझी अशी स्तुती त्याआधी कुणी केली नव्हती. केली असेल तर मी ती ऐकायला थांबलो नसेन. पण त्या दिवशी थांबलो होतो.

डाव पुढे सरकला. मधे मृगाचं पान उघडं होतं. अक्काने काकडी लावली, हसनमियाँनी दोडका. भाऊजींची पाळी आली. त्यांनी आपल्या शेवटच्या वाफ्याच्या कडेला कुंपणाचं पान आडवं ठेवलं. क्षणभर थांबले. मग हातातून पावट्याचं पान काढून कुंपणाला अगदी चिकटवून लावलं आणि खांबाला टेकून बसले. चेहऱ्यावर किंचित हसू होतं. त्या हसण्याकडे मी तेव्हाच नीट बघायला हवं होतं.

नगरकरांचं बोट नवव्या नियमावर गेलं. पुन्हा एकदा फिरलं. मग त्यांनी भाऊजींकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“भाऊजी,” मी म्हणालो, “मृगात पावटा नाही.”

“अं?”

“मृगात काकडी, दोडका, पडवळ, भेंडी. पावटा स्वातीत. नियम नववा.”

“पण कुंपण आहे ना,” ते म्हणाले. “कुंपण लावलंय की मी आधी.”

“कुंपण वानरासाठी आणि गुरांसाठी. नियम अकरावा. पेरणीशी त्याचा संबंध नाही.”

हे मी मोठ्याने बोललो. आवाज चढवून नव्हे, पण ठाम. एरवी वाचनालयात दंड मागतानाही माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. अक्का माझ्याकडे बघायला लागली. हसनमियाँनी हातातली पानं उगाचच पुन्हा जुळवली.

भाऊजींनी हात पुढे केला. नगरकरांनी कागद दिला. तो डोळ्यांजवळ धरून त्यांनी नववा नियम वाचला, मग अकरावा, मग पुन्हा नववा. त्यांचे ओठ हलत होते.

“बरोबर,” ते म्हणाले. “मृगात पावटा कोण टाकतो? बत्तीस वर्षं लोकांना हेच सांगत आलो.” ते हसले आणि पान उचलून हातात घेतलं. “माझ्या डोक्यात कुठून आलं कोण जाणे.”

“होतं असं,” नगरकर म्हणाले. “माझं तर…”

“नाही, नाही. चूक ती चूक.”

पुढच्या पाळीला त्यांनी पाण्याचं पान काढलं आणि टाकायच्या आधी मला विचारलं, “हे चालेल ना?” त्याच्या पुढच्या पाळीला, मुळा लावताना, “हे?” तिसऱ्या वेळी त्यांनी काही विचारलं नाही, नुसतं पान अर्धवट पुढे करून माझ्याकडे बघितलं.

हसनमियाँनी हातातली सगळी पानं खाली टाकली. “चला, मला नमाजाला जायला हवं.”

दुपारच्या नमाजाला अजून दीड तास होता. ओसरीवरच्या कुणाला ते ठाऊक नव्हतं असं नाही.

नगरकर जेवून, आठवड्याभरात निर्णय कळवतो असं सांगून दुपारच्या गाडीने गेले. भाऊजी त्यांना फाट्यापर्यंत पोचवायला गेले. मी ताटं उचलत होतो. अक्का माझ्या हातातून ताट घेत म्हणाली, “जन्मात पहिल्यांदा तुझा आवाज अंगणापर्यंत गेला, सदू.”

एवढंच म्हणाली. मी संध्याकाळपर्यंत थांबलो नाही.

बुधवारी नगरकरांसाठी नियमांची नवी प्रत करायला म्हणून मी वाचनालयात भाऊजींची वही उघडली. आता खेळ छापला जाणार असेल तर एखादा शब्द निसटायला नको, म्हणून पहिल्या पानापासून वाचत गेलो. मधल्या एका पानावर शेणखताच्या गाड्यांचा हिशेब होता, आणि त्याच्या समासात, वही आडवी केल्याशिवाय वाचता येणार नाही असं, भाऊजींच्या बारीक अक्षरात लिहिलेलं होतं:

‘पावटा कुंपणाला लागून असेल तर मृगातही टाकावा. फूल मात्र थंडीत. तोवर वाफा अडतो, पण वानर धरत नाही. आई असाच टाकायची.’

त्याच्यापुढे शिसपेन्सिलीचं प्रश्नचिन्ह होतं. माझं.

कुठल्याही मजकुराची शंका आली की समासात प्रश्नचिन्ह करायची माझी सवय होती. म्हणजे ही ओळ मी वाचली होती. वाचली होती आणि पुढच्या रविवारी विचारू म्हणून खूण केली होती. मग विचारलं का नाही? मला नक्की सांगता येत नाही. पण नववा नियम लिहितानाचा आनंद आठवतो. दोन ओळी, इकडे मृग, इकडे स्वाती, मधे काही लोंबत नाही. ह्या कुंपणाच्या पावट्याला त्यात जागा नव्हती. तो घेतला असता तर तिसरी ओळ करावी लागली असती.

तरी मी स्वतःला म्हटलं, कदाचित भाऊजींचंच चुकलं असेल. शेतीवरची वाचनालयात होती ती दोन्ही पुस्तकं काढली. दोन्हीत पावटा भात कापल्यावर, थंडीत. माझा जीव किती हलका झाला ते लिहायला लाज वाटते. संध्याकाळी घरी जाताना बाजारात भाजीवालीकडे पावट्याच्या शेंगा दिसल्या. मी थांबलो.

“ह्या शेतातल्या की वेलाच्या?”

“वेलाच्या. घरच्या वयीवरच्या हायत. घ्या, कवळ्या हायत.”

“कुंपणावरचा वेल कधी लावता तुम्ही?”

“मिरगातच की,” ती म्हणाली. “नायतर वयीवर चढनार कवा? शेतातला येगळा, तो भात काडल्यावर. तुमी काय मास्तर हाव का?”

“नाही,” मी म्हणालो.

“मग इचारता कशाला येवडं?”

म्हणजे भाऊजी चुकले नव्हते. साठच्या साठ पानं त्यांना येत होती, आणि एकसष्टावी म्हणावी अशी ती समासातली ओळसुद्धा येत होती. परक्या माणसासमोर आपल्या आईचा डाव टाकून ते हसत बसले होते. विसरलो होतो मी.

त्यानंतरच्या रविवारी मी गेलो नाही. पडसं झालंय असा निरोप धाडला. पुढच्या रविवारसाठी वाचनालयाच्या मोजदादीचं निमित्त आधीच काढून ठेवलं. मी भाऊजींना काय सांगणार ते रोज ठरवत होतो आणि रोज त्यातला एखादा शब्द बदलत होतो. बाराव्या दिवशी नगरकरांचं पत्र आलं. खेळ छापायचा आहे, आणि नियमांचा कागद एकही शब्द न बदलता घ्यायचा आहे, असं त्यात होतं.

पत्र आणि वही, दोन्ही पिशवीत घालून मी गेलो. वाटेत गडग्याशी हसनमियाँ भेटले. कोंबड्यांना दाणे टाकत होते.

“आलास? बरं झालं,” ते म्हणाले. “मयेकर पानं धरत नाही आता. मी म्हटलं, अरे मी चोरी करतो, तू चुका कर, जमेल आपलं. तर नुसता हसला.”

भाऊजी ओसरीवर सुपारी सोलत होते. मी पत्र दिलं. त्यांनी वाचलं, घडी केली आणि परत माझ्या हातात दिलं.

“नको म्हणून कळव.”

“भाऊजी, पण…”

“ज्याला स्वतःचा खेळ येत नाही त्याने तो लोकांच्या घरी धाडू नये. किंवा तुझ्या नावाने छापायला सांग. नियम तुझेच आहेत.”

“असं कसं? खेळ तुमचा आहे.”

“होता,” ते म्हणाले.

वही माझ्या पिशवीत होती. पिशवी मांडीवर होती. अक्का चहा घेऊन आली. मी म्हटलं, हिच्यासमोर नको. अक्का आत गेली. मी म्हटलं, आत्ता ते दुखावलेले आहेत, थोडे निवळू देत. मग एसटीची वेळ झाली. दुसऱ्या दिवशी मी नगरकरांना नकाराचं कार्ड टाकलं. माझ्या अक्षरात, स्वच्छ, खाडाखोड न करता.

त्यानंतर आठवड्याने अक्काचा निरोप आला की जमलं तर ये. मी गेलो तर ती मागच्या दारीच भेटली.

“बाजारात एकटे जात नाहीत,” ती म्हणाली. “पंप लावला की मला बघायला बोलावतात. काल कलम बांधताना विचारलं, हे असंच बांधतात ना गं? मला! मला काय कळतं त्यातलं?” तिने डोळे पुसले नाहीत, पण खाली बघून बोलली. “दुपारी आडवे होतात ना, तेही बंद केलं. भीती वाटते म्हणतात.”

तेव्हा मी गेलो. ते परसात, जायफळाच्या झाडाखाली पाटावर बसले होते. मी उभ्याउभ्याच वही उघडली, आडवी केली आणि त्यांच्यापुढे धरली.

“भाऊजी, तुम्ही बरोबर होतात. मृगातला पावटा. हे बघा, तुम्हीच लिहिलंय. कुंपणाला लागून असेल तर चालतो. माझ्याकडून नियमात घ्यायचा राहिला. चूक माझी होती.”

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. बराच वेळ वाचलं.

“अक्षर माझंच,” ते म्हणाले.

“हो. आणि बाजारात विचारलं मी. मृगातच लावतात वेल. तुम्हाला सगळं आठवत होतं. विसरलो मी.”

“हे प्रश्नचिन्ह?”

“ते माझं.”

“म्हणजे तेव्हाच तुला शंका आली होती.”

“शंका नव्हे हो. मला त्यातलं कळत नाही म्हणून…”

“पुस्तकं वाचणारा माणूस तू. उगाच नाही खूण करणार.” त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. “आईबद्दल लिहिलंय ते मला आवडलं. पण आई करायची की मला आता तसं वाटतं, कोण सांगणार? ती तर नाही विचारायला.”

“भाऊजी, मी खरं सांगतोय.”

“किती दिवस झाले त्या रविवारला?”

मी मोजले. “बावीस.”

“खरं असतं तर दुसऱ्या दिवशी आला असतास,” ते म्हणाले. रागाने नाही. समजुतीने म्हणाले. “तुझ्या अक्काने पाठवलं ना? ती हल्ली सगळ्यांना सांगत असते, ह्यांना बरं वाटेल असं बोला म्हणून. हसन्या तर मी पानं सोडेपर्यंत मुद्दाम हरत होता. चोर तो, त्याला हरतासुद्धा नीट येत नाही. तू भला माणूस आहेस, सदानंद. पण तुला खोटं बोलता येत नाही. बघ, घाम फुटलाय तुला.”

घाम फुटला होता हे खरं होतं. मी तोंड उघडलं. बावीस दिवस कशात गेले ते सांगायचं म्हणजे नगरकरांची स्तुती सांगायला हवी होती, त्या दोन ओळींचा तोरा सांगायला हवा होता, आणि बाजारात शेंगा दिसण्याआधी पुस्तकं मिटताना मला जे हलकं वाटलं तेही सांगायला हवं होतं. ते सांगितलं असतं तर त्यांनी कदाचित विश्वास ठेवला असता. मी नाही सांगितलं.

“असू दे,” ते म्हणाले आणि उठले. “आलाच आहेस तर एक काम कर. मी पत्र्याच्या पट्ट्या कापून ठेवल्यात. काळा रंग आहे, काडीला कापूस लावलाय. झाडांची नावं लिहून दे. पुढे लागतील.”

आम्ही परसात फिरलो. ते पुढे, मी मागे, रंगाचा डबा घेऊन. ते एकेका झाडाशी थांबत, खोडावर हात ठेवत आणि नाव सांगत.

“रातांबा. हर्ण्याच्या बाजूचं बी, फळ जाड सालीचं. लिही. बरोबर ना?”

“बरोबर.”

“हा जायफळाचा नर. ती पलीकडची मादी. फुलं नाहीत आता, पण नर तो. बरोबर?”

“हो.”

“ही बिंबली. हा जाम, पांढरा. ही काळी मिरी, पण हिला कलम वेगळ्या मुळावर केलंय, जंगली मुळावर, म्हणून कुजत नाही. ते नको लिहू. नुसतं मिरी लिही.”

एकूण एकेचाळीस झाडं आणि वेल. कुठे अडखळले नाहीत. कुठलं कुठून आणलं, कुठल्या वर्षी लावलं, कुठल्याने पहिलं फळ कधी धरलं, सगळं सांगत गेले. आणि प्रत्येक नावानंतर थांबून, “बरोबर ना?” असं म्हणून, माझ्या तोंडाकडे बघत राहिले. उत्तराकडे त्यांचं लक्ष नव्हतं. मी ते कसं देतो तेवढंच बघत होते.

भाऊजी त्यानंतर नऊ वर्षं जगले. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी दोनदा तपासून वयाच्या मानाने उत्तम असं सांगितलं. शेवटच्या दिवसापर्यंत त्यांनी सगळ्यांना ओळखलं. पण प्रत्येक गोष्ट विचारून केली.

मी आता ब्याऐंशीचा आहे. पुष्कळ वेळा वाटतं की हे मी चुकीचं आठवत असेन, ते तसे बघत नसतीलही. पण पट्ट्या लिहिल्याचं नक्की आठवतं. त्यातली निम्मी झाडं मी ओळखतसुद्धा नव्हतो. पडवीकडच्या एका रोपाशी ते कितीतरी वेळ थांबले, पान चुरडून वास घेतला आणि एक नाव सांगितलं. मी ते कधी ऐकलेलं नव्हतं.

“बरोबर ना?” ते म्हणाले.

“बरोबर,” मी म्हणालो, आणि लिहिलं.